डबल जाळीचा फिल्टर

चिंबळीच्या चढाला गाडीनं पुन्हा मान टाकली आणि माझं डोकंच फिरलं.

चढ म्हणजे काय डोंबल! भोसरीकडून चाकणला येताना इंद्रायणीचा पूल ओलांडला की रस्ता जरासा वर उठतो, एवढंच. सायकलवाले बोलत बोलत चढून जातात. पण माझी पिकप भरलेली असली की आता तिथं दुसऱ्या गिअरवर येत होती. मागं काळाकुट्ट धूर, आणि आवाज असा की दम्याच्या माणसाला जिना चढायला लावलाय. मागून कंपन्यांच्या बस, कंटेनर, सगळे हॉर्नवर हात ठेवून. एक रिक्षावाला शेजारून जाता जाता म्हणाला, "आबा, ढकलू का?" शिवी ओठावर आली होती. पण राव, शिवी द्यायलाही अंगात जोर लागतो. सकाळच्या पहिल्याच खेपेला माझं अंग मोडून आलं होतं, मान आखडली होती, आणि अजून दोन खेपा बाकी होत्या.

मी भिमाजी. गाव खराबवाडी, चाकणच्या अंगाला. आमची जमीन एमआयडीसीत गेली. आलेल्या पैशातून घर झालं, पोरीचं लग्न झालं, आणि उरल्यासुरल्याची मी पिकप घेतली. ती झिजली तेव्हा दुसरी घेतली, ती ही. काम तेच. भोसरीच्या एका वर्कशॉपातून ब्रेकचे ड्रम भरायचे आणि महाळुंग्याच्या कंपनीच्या गेटवर नेऊन द्यायचे. कंपनी माल साठवून ठेवत नाही. आज दहाला लागणारा माल आज दहालाच पाहिजे. गाडी कुठं अडकली की तिकडं जोडणीची अख्खी लाइन बंद उभी राहते, आणि लाइन उभी राहिली की निरंजन साहेबाचा फोन येतो. हा निरंजन म्हणजे गेटवर माल उतरवून घेणारा सुपरवायझर. माझ्या मुलाच्या वयाचा. "काका" म्हणतो आणि मग काकाची पार धूळधाण करतो.

माझा मुलगा रणजीत दुसऱ्या एका कंपनीत परमनंट आहे. त्याचं गेल्या वर्षापासून एकच पालुपद. "नाना, आता बास करा. शुगर आहे, गुडघे गेलेत. कशासाठी करताय?" कशासाठी करताय! जसं काही मी हौसेनं गल्लीत क्रिकेट खेळतोय. दसऱ्याला गाडीची पूजा चालली होती, तेव्हाही त्यानं तेच काढलं. मी हार घालत होतो, शालन, म्हणजे माझी बायको, चाकाखाली लिंबू ठेवत होती, सून सायली ताट धरून उभी. सणासुदीला पोरानं तोंड वाजवलं म्हटल्यावर माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी सगळ्यांसमोर बोललो, "ही गाडी भरल्या अंगानं चढ चढतीय तवर मी चालवनार. ज्या दिवशी चढायची न्हाई, त्या दिवशी मी उतरलो. शब्द हाय माझा."

रणजीत नारळ फोडायला वळला. शालननं दुसरं लिंबू ठेवलं. ती मुळात बोलतच कमी. लग्न झालं तेव्हा माझ्या आईला वाटलं होतं, पोरगी मुकी तर नाही ना दिली.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीचं हे असं सुरू झालं.

घरी बसायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. समोरच्या गल्लीत मालोजी राहतो. माझ्याच बरोबरीचा. त्यानं टेम्पो विकला आणि ओट्यावर बसला. सकाळी बसतो, दुपारी सावली सरकली की तोही सरकतो. सून चहाचा कप ठेवून जाते, रिकामा कप उचलून नेते, मधे एक शब्द नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो विचारतो, "कुठं चालला?" आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. मला त्या ओट्याची भीती वाटते. खोटं कशाला बोलू? मरणाची नाही वाटत तेवढी त्या ओट्याची वाटते.

तर गाडीनं चढ चढणं भाग होतं.

डिझेल गाडीचा जोर गेला, काळा धूर पडायला लागला की पहिला संशय हवेच्या फिल्टरवर. इंजिनालाही श्वास लागतो, आणि आमच्या रस्त्यावर हवा कमी आणि धूळच जास्त. रस्ता रुंद करायचं काम कायमचंच, खडी-वाळूचे डंपर कायमचे. दर गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी असते. त्या दिवशी मी अंगणात गाडी लावून फिल्टर काढतो आणि शालन तो साफ करते. ही आमची पहिल्या गाडीपासूनची पद्धत. पंक्चरवाल्याकडं जोराची हवा मारून घेतात लोक, पण त्यानं आतला कागद फाटतो. शालन मांडीवर जुनं पोतं घेते, फिल्टर उभा धरून घडी न् घडी मऊ ब्रशनं झाडते. पदर नाकाला लावून. मी बॉनेटमध्ये वाकलेलो असतो. आमचं दोघांचं असं एकत्र बसून काम म्हणजे तेवढंच. तेव्हाही बोलत नाही कोणी.

तीन-चार गुरुवार तिनं फिल्टर झाडून दिला. काही फरक नाही. मग नवा टाकला, तरी नाही. निरंजन साहेबानं एक दिवस गेटवर सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, गाडी बदला, नाहीतर मी गाडी बदलतो." हमाल हसले. मी मालाचं चलन घेतलं आणि बाहेर आलो. गाडीत बसल्यावर चावी लागेना.

तळेगाव रस्त्याला ज्योतीरामचं गॅरेज आहे. लातूरकडचा माणूस, पण हात चांगला. त्यानं गाडी चालू करून नुसती ऐकली.

"मामा, हिला हवाच मिळंना गेलीय की."

"नवा फिल्टर टाकलाय रं."

"हा बारका फिल्टर शहरातल्या रस्त्यासाठी असतोय. तुमच्या धुळीला काय पुरायलाय? डबल जाळीचा मोठा टाकू. जाड धूळ बाहेरच्या जाळीत, बारीक आतल्या. आन वर ट्रॅक्टरला असती तशी वाटी बसवतो, निम्मी माती तिथंच खाली पडती. डबा मोठा हाय, जरा पत्रा कापून जागा करावं लागंल."

"चढ चढंल?"

"पळत चढंल."

मला एवढंच पाहिजे होतं. घरी येऊन जेवताना मी शालनला सांगितलं, उद्या गुरुवार आहे, गाडीला मोठा फिल्टर बसवतोय. तिचा हात भाकरीवर थांबला.

"कशाला?" ती म्हणाली.

"कशाला म्हंजी? गाडी चढंना म्हनून!"

"जुनी झालीया. जुन्याला किती करायचं."

"जुनी? आगं, इंजिन हाय तसं हाय तिचं!"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या माज्या डोळ्याचं दाखवायचं व्हतं चाकणात."

डोळ्याचं काही ठरलं नव्हतं. मी म्हणालो, डोळे शुक्रवारीही तुझ्याच कपाळाखाली असतील, मग दाखवू. फार चांगलं बोललो अशातला भाग नाही. पण मी दमलेलो होतो, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडातून चांगलं कधी बाहेर पडलंय?

गुरुवारी सकाळी ज्योतीरामनं गाडी घेतली. जुना डबा सोडवला. मी तिथंच तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसलो होतो, डोळे मिटत होते. पुढच्या जाळीमागून हवा आत घेणारा एक पाइप असतो, तो डब्याला येऊन जोडलेला असतो. आमच्या गुरुवारच्या सफाईत त्या पाइपाला कोणी हात लावत नाही, कारण त्यात लावण्यासारखं काही नसतंच. ज्योतीरामनं तो पाइप काढला आणि आत बोट घातलं.

"ओ मामा. हे काय हाय?"

त्यानं ओढून बाहेर काढलं. फडकं होतं. घट्ट घडी घालून बसवलेलं, धुळीनं काळं पडलेलं.

"गाडीचा गळाच दाबला की कुनीतरी!" ज्योतीराम म्हणाला. "डाव हाय मामा हा. तुमच्या खेपेवर कुनाचा तरी डोळा हाय."

मी ताडकन उठलो. झोप पार उडाली. गेटवर नंबरला उभ्या राहणाऱ्या सगळ्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या, सगळ्यांची तोंडं आली. कोण असेल तो हरामखोर? कालपर्यंत माझ्या डब्यातली चटणी खाल्ली असेल आणि रात्रीत गाडीला बोळा कोंबला असेल! मी काय काय बोललो ते सांगत नाही, शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं मशीन बंद करून ऐकलं.

ज्योतीराम मात्र त्या फडक्याकडं बघत बसला होता.

"पर एक गंमत बगा. हे दोरीनं बांधलंय. पाइपाच्या पट्टीला गाठ मारून. म्हंजी इंजिनानं ओढलं तरी आत जाऊ नये. आन ह्या कडा बगा, शिवलेल्या हायत. दोरा सुटून आत जाऊ नये म्हनून." त्यानं डोकं खाजवलं. "दुश्मन मानूस इंजिनाची एवढी काळजी कशाला करंल?"

मी ते त्याच्या हातातून घेतलं. झटकलं. उलगडलं. माझ्या जुन्या पायजम्याचं कापड होतं. कडेनं बारीक, सरळ, एकसारखी धावदोऱ्याची शिलाई, कोपऱ्यावर वळताना एक उलटा टाका. लग्नापासून ज्या गोधडीखाली झोपतोय तिचे टाके मला कळणार नाहीत?

मी परत पिंपावर बसलो.

"वळखीचं हाय का कुनाचं?" ज्योतीरामनं विचारलं.

"न्हाई. आसंल कुनाचं तरी. तू बसव फिल्टर."

तो घुटमळला. सरळ माणूस आहे. "मामा, खरं सांगू का, आता मोठ्याची गरज न्हाई. बोळा निघाला. जुन्या फिल्टरवर बी गाडी पळंल. कशाला उगं पत्रा कापायलाव?"

"बसव म्हनलं ना!"

एवढ्या जोरात ओरडलो की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. त्यानं मुकाट्यानं पत्रा कापला, डबा बसवला, वाटी बसवली, क्लिपा आवळल्या. मी बघत होतो आणि माझ्या आत नुसतं जळत होतं. परका माणूस असता तर दोन लाथा घालून मोकळा झालो असतो. इथं कुणाला घालायच्या?

घरी आलो तेव्हा ती अंगणात मेथी निवडत बसली होती. सायली कामावर, रणजीत पहिल्या शिफ्टला. घरात आम्ही दोघंच. मी ते फडकं तिच्या पुढ्यात, मेथीच्या जुडीवर टाकलं.

तिनं बघितलं. हातातली काडी खाली ठेवली.

"सापडलं व्हय," ती म्हणाली.

नाही म्हणाली असती, रडली असती, तरी मला बरं वाटलं असतं. ओरडायला जागा मिळाली असती. हे असं "सापडलं व्हय" म्हटल्यावर माणसानं काय करायचं?

"तू केलंस."

"व्हय."

"आगं पन का? लोकं हसली मला! त्या निरंजननं गेटवर माझी लाज काढली! रिकशावाला ढकलू का म्हनला! आन तू दर गुरवारी माज्यासमोर बसून ब्रशनं फिल्टर झाडत व्हतीस? नाटक करत व्हतीस माज्यासंगं?"

"तुमीच म्हनला व्हता. गाडी चढली न्हाई की उतरीन. मला वाटलं चार दिवसांत उतराल. तुमी काय ऐकता?"

"आन तुला का उतरवायचंय मला? पोरानं शिकवलं का?"

"रणजीतला म्हाईत न्हाई. कुनालाच म्हाईत न्हाई." तिनं पदरानं हात पुसले, उगाचच, हात कोरडेच होते. "भादव्यात आपुन माज्या भनीकडं भोसरीला गेलतो. आटवतंय? येताना मी तुमच्या शेजारी बसलेली."

"मग?"

"मोशीच्या फुडं तुमी झोपला."

"मी?"

"तुमी. डोळं उघडं व्हतं. पन तुमी न्हवता तिथं. समोर डंपर हुबा. मी हाका मारल्या. अवो म्हनले, धनी म्हनले, शेवटाला नाव घेऊन हाक मारली, भिमाजी म्हनून. जल्मात कधी घेतलं न्हवतं. तरी न्हाई. मग मी स्टेरिंग धरलं आन ओढलं."

मला आठवत होतं. म्हणजे ती स्टेअरिंग ओढल्याचं आठवत होतं. बाईच्या जातीनं चालत्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावला म्हणून मी चाकण येईस्तोवर तिला बोललो होतो. वाटेल ते बोललो होतो. त्याआधीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डंपर नाही, हाका नाहीत, नाव नाही.

"खोटं हाय," मी म्हणालो.

"मी कशाला खोटं बोलू?"

"तवा का न्हाई सांगितलं मग?"

"सांगितलं आसतं तर मानला आसता? आन रणजीतला सांगितलं आसतं तर त्यानं चावी हिसकावून घेतली आसती, चार लोकांत. बाप झोपतोय गाडीवर म्हनून. तुमाला ते सोसलं नसतं." ती खाली मेथीकडं बघत बोलत होती. "म्हनलं, गाडीच थकली आसं हू दे. गाडी थकली म्हनलं की मानसाला कमीपना येत न्हाई."

पण तोंडातून काय बाहेर पडावं? "उद्या पयल्या खेपेला जानार हाय मी," एवढंच म्हणालो आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. खरं म्हणजे मला तिच्यावर विश्वासच ठेवायचा नव्हता. ठेवला असता तर मग ओटाच.

सकाळी गाडी काढायला गेलो तर ही केबिनमध्ये बसलेली. अंगावर शाल, मांडीवर डबा, पायात चपला.

"उतर."

"न्हाई."

"कंपनीच्या गेटवर बाया न्हाई चालत."

"गेटाच्या अलीकडं उतरते."

"रोज येनार का?"

"रोज येनार," ती म्हणाली आणि समोर बघत बसली. तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. पिकपच्या पायरीवर चढताना तिनं काय केलं असेल देव जाणे. मी दार आपटलं आणि गाडी चालू केली.

आणि ही बाई बोलायला लागली.

आयुष्यात जेवढं बोलली नाही तेवढं तिनं भोसरीला जाईपर्यंत बोलून घेतलं. सायलीनं डाळीला फोडणी कशी दिली, शेजारच्या विमलबाईच्या सुनेला दिवस गेलेत, कांद्याचा बाजार शनिवारी किती चढला, देवळाचा भोंगा कुणी मोडला. धड काही नाही, नुसतं एकाला एक. आणि मधून मधून, "व्हय का न्हाई?" मी "हूं" म्हटलं नाही तर परत विचारायची, दंडाला हात लावून. मला कळत होतं ती काय करतेय. कळत होतं म्हणूनच अंगाचा तिळपापड होत होता.

भोसरीत माल भरला. उलटे फिरलो. ऊन वर आलं होतं, बाजूच्या काचेतून तोंडावर. इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि मी जीव मुठीत धरून ॲक्सिलेटर दाबला.

राव, काय सांगू! गाडी अशी उचलली की पाठ सीटला टेकली. तिसरा गिअर, कुरकुर नाही, आरशात धूर नाही. बघता बघता चिंबळी फाटा मागं गेला. चढ कधी संपला तेही समजलं नाही. मी शालनकडं बघून म्हणालो, "बगितलं? कोन थकलंय?" लहान पोरासारखा म्हणालो. ती म्हणाली, "ब्येस चढली," आणि लगेच पुन्हा विमलबाईच्या सुनेवर आली.

पण तिचं बोलणं आता संपत आलं होतं. घसा बसला होता. तेच तेच परत यायला लागलं. मग तिनं गेलेल्या जमिनीच्या तुकड्यांची नावं घ्यायला सुरुवात केली, वडाचं, खळ्याचं, वरचा माळ, कुठल्या तुकड्यावर आता कुठली कंपनी आहे ते. प्रत्येक नावानंतर खोकायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि परत सुरू. माझं डोकं उठलं.

"शालन, गप की गं आता. जरा शांत बसू दे."

ती थांबली. म्हणाली, "बसू गप?"

"बस."

रस्ता सरळ होता, त्या वेळेला मोकळा होता. गाडी एकसुरात चालली होती, नवीन फिल्टरातून हवा आत जायचा तो मऊ, घोगरा आवाज येत होता. महिनाभर ही गाडी कण्हत होती आणि मी तिच्यावर चिडत होतो. चिडत होतो म्हणून जागा होतो, हे मला आता समजतंय. त्या सकाळी चिडायला काहीच राहिलं नव्हतं. पायाखाली जोर होता, तोंडावर ऊन होतं, शेजारी माणूस होतं. मला फार बरं वाटत होतं.

मग एक जोराचा आचका बसला.

गाडी रस्त्याच्या कडेला मातीत उभी होती, प्लॉट विक्रीच्या फलकापासून हातभर अंतरावर. इंजिन बंद. मागून कंटेनर लांबलचक हॉर्न देत निघून गेला. शालनचा एक हात हँडब्रेकवर होता, खेचलेला, आणि दुसरा स्टेअरिंगवर, माझ्या हातांच्या वर. तिची शाल खाली पडली होती. डबा सांडला होता, मेथीची भाजी तिच्या पातळावर.

मी कुठं होतो? मला खरंच माहीत नाही. तिनं हाका मारल्या का, तेही माहीत नाही. "बस" म्हणालो आणि त्यानंतर हा आचका, मधे काहीच नाही. झोप लागली असं वाटलंही नाही. मधला रस्ता कुणीतरी कापून नेला होता. ड्रम मागं दोराखाली तसेच होते. ते पुढं आले असते, किंवा समोर कुणी मोटरसायकलवर पोरंबाळं घेऊन असतं, तर?

मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, बघा, मी सांगत होते. म्हणायचा हक्क होता तिचा. पण तिचे ओठ नुसते हलत होते, आवाज पार बसला होता. ती रडत नव्हती. पण स्टेअरिंगवरचा हात काढत नव्हती, बोटं पांढरी पडली होती.

मी रडलो. साठी उलटलेला माणूस, हायवेच्या कडेला, उघड्या खिडकीत. लाज वाटली नाही.

फोन वाजला. निरंजन साहेब. पहिल्यांदा मी उचलला नाही. परत वाजला.

"काका, कुठं पोचलात? इकडं लाइन उभी राहील दहा मिनिटांत!"

"कुरुळीच्या पाशी हाय साहेब. डायवर पाठवा एक."

"डायवर? का? गाडीला काय झालं परत?"

बॉनेटमधून गरम इंजिनाचा बारीक टकटक आवाज येत होता.

"गाडीला काय न्हाई झालं," मी म्हणालो. "गाडी ठणठणीत हाय, साहेब. मी थकलो."

पलीकडून तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. फोन खाली ठेवला. तेव्हा कुठं शालननं स्टेअरिंगवरचा हात काढला.